वाचकांचे प्रश्न: टिमथी मॅकव्हे, पदक ते फाशी

गेल्या अंकात ओक्लाहोमा सिटीच्या स्फोटावर लेख होता. १९ एप्रिल १९९५, सकाळी ९ वाजून २ मिनिटं. टिमथी मॅकव्हे या माजी सैनिकानं भाड्याच्या ट्रकमध्ये भरलेली स्फोटकं एका सरकारी इमारतीसमोर उडवली. १६८ माणसं मेली, त्यांत १९ मुलं. मारणारा अमेरिकन, मेलेलेही अमेरिकन. या लेखावर बरीच पत्रं आली. त्यांतल्या काहींना आमच्या जाणकारांनी दिलेली उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न: युद्धात पदक मिळवलेला माणूस आपल्याच देशाच्या इमारतीवर बॉम्ब का टाकेल? मूळचाच वेडा होता का? (एक वाचक, दादर)

वेडा नव्हता. खटल्यात त्याच्या वकिलांनीही वेडेपणाचा बचाव घेतला नाही. ‘माथं फिरलं होतं’ म्हटलं की विषय मिटतो, म्हणून ते उत्तर सगळ्यांना आवडतं. पण त्याचा प्रवास तारखांनिशी मांडता येतो आणि त्यात अचानक असं काही घडलेलं दिसत नाही.

जन्म २३ एप्रिल १९६८, न्यूयॉर्क राज्यातलं लॉकपोर्ट. वडील मोटारींचे रेडिएटर बनवणाऱ्या कारखान्यात. आईवडील वेगळे झाले, मुलगा वडिलांकडे राहिला. शाळेत दांडगट पोरांनी छळलं. आजोबांनी बंदूक चालवायला शिकवली आणि तीच त्याचा जीव की प्राण झाली. इथपर्यंत सांगितलेलं लाखो मुलांना लागू पडतं, त्यामुळे यातून काही सिद्ध होत नाही.

१९८८ मध्ये तो सैन्यात गेला. टेरी निकल्स आणि मायकेल फोर्टियर हे पुढचे दोन साथीदार त्याला तिथेच भेटले. शिपाई म्हणून तो उत्तम होता. १९९१ च्या आखाती युद्धात ब्रॅडली या चिलखती गाडीवर तोफची होता, ब्राँझ स्टार हे पदक मिळालं. परतल्यावर स्पेशल फोर्सेसच्या निवड चाचणीला गेला आणि दुसऱ्याच दिवशी सोडून आला. वर्षअखेरीला सैन्य सोडलं. मग वडिलांच्या घरी मुक्काम, सुरक्षारक्षकाची नोकरी, जुगाराचं कर्ज. त्यात सरकारचं पत्र आलं, की सैन्यात असताना तुम्हाला हजारभर डॉलर जास्त दिले गेले, ते परत करा. फेब्रुवारी १९९२ मध्ये त्यानं गावच्या वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. त्यात कर, गुन्हेगारी, राजकारणी यांच्यावर राग होता, आणि व्यवस्था सुधारायला रक्त सांडावं लागेल का, असा प्रश्नही. ते छापून आलं.

पुढे दोन घटनांनी या रागाला दिशा दिली. ऑगस्ट १९९२ मध्ये आयडाहोतल्या रूबी रिज इथे केंद्रीय पोलिसांनी एका कुटुंबाला वेढा घातला. त्यात आई आणि १४ वर्षांचा मुलगा मारला गेला, एक मार्शलही मेला. २८ फेब्रुवारी १९९३ ला टेक्सासमधल्या वेको इथे एका धर्मपंथाच्या वसाहतीवर एटीएफनं, म्हणजे शस्त्रं आणि स्फोटकांवर नजर ठेवणाऱ्या केंद्रीय यंत्रणेनं, छापा घातला. त्यात यंत्रणेचे ४ जण मेले. ५१ दिवसांच्या वेढ्यानंतर १९ एप्रिलला आग लागली आणि आतली ७० हून अधिक माणसं गेली, त्यांत मुलंही होती. मॅकव्हे मार्चमध्ये तिथे जाऊन गाड्यांवर चिकटवायचे सरकारविरोधी स्टिकर विकत बसला होता. एका पत्रकारितेच्या विद्यार्थिनीनं तेव्हा त्याची मुलाखतही घेतली.

या दोन्ही ठिकाणी सरकारचं खरोखर चुकलं होतं आणि अमेरिकेत त्यावर चौकश्याही झाल्या. त्याची तक्रार निराधार होती असं म्हणणं सोपं, पण खोटं आहे. चूक पुढच्या पायरीवर झाली. ‘त्या अधिकाऱ्यांनी चूक केली’ याचं ‘सरकारी इमारतीत बसलेला प्रत्येक जण शत्रू’ असं झालं. पेन्शनचा अर्ज घेऊन आलेली म्हातारी, खिडकीपलीकडचा कारकून, पाळणाघरातलं पोर, सगळे त्याच हिशेबात आले.

प्रश्न: त्या काळी समाजमाध्यमं नव्हती. मग त्याला भडकवलं कुणी? (एक वाचक, विलेपार्ले)

ते काम शस्त्रांच्या जत्रांनी केलं. अमेरिकेत शनिवार-रविवारी मोठ्या हॉलमध्ये बंदुकांची प्रदर्शनं भरतात. मॅकव्हे गावोगाव ती फिरत असे, टेबल लावून माल विकत असे. सरकारविरोधी पत्रकं, व्हिडिओ कॅसेट, वेकोच्या फिती आणि सरकारी इमारत ट्रकबॉम्बनं उडवण्याचं वर्णन असलेली एक वर्णद्वेषी कादंबरी तिथे हातोहात फिरायची. ती कादंबरी तो स्वतःही विकायचा आणि मित्रांना वाचायला द्यायचा. त्यात लघुलहरी रेडिओवरची भाषणं आणि टपालानं येणारी नियतकालिकं यांची भर पडे.

आज हेच सगळं फोनमध्ये येतं, आणि जे एका माणसाच्या बाबतीत तीन वर्षांत झालं ते काही महिन्यांत होऊ शकतं. पण एक गोष्ट तेव्हाही होती तशीच आज आहे. नुसतं वाचून कुणी बॉम्ब लावत नाही. वाचलेल्यावर मान डोलावणारे दोन-तीन जण लागतात. मॅकव्हेला निकल्स आणि फोर्टियर मिळाले.

प्रश्न: मी स्थापत्य अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एका ट्रकनं नऊ मजली इमारतीचा दर्शनी भाग कसा कोसळला? (एक विद्यार्थी, मुलुंड)

स्फोटकाची घडण आम्ही छापणार नाही, तुमच्या प्रश्नाला ती लागतही नाही. उत्तर इमारतीच्या नकाशात आहे.

अल्फ्रेड पी. मुर्रा इमारत १९७७ ची, प्रबलित काँक्रीटची. दर्शनी बाजूला वरच्या मजल्यांवर दर २० फुटांना खांब होते. खाली मोकळा दर्शनी भाग हवा म्हणून ते ४० फुटांवर ठेवले होते. वरच्या मधल्या खांबांचा भार तिसऱ्या मजल्यावरची एक मोठी आडवी तुळई, म्हणजे ट्रान्स्फर गर्डर, तोलत होती. ट्रकच्या अगदी जवळचा खांब स्फोटात चक्काचूर झाला, त्याच्या शेजारचे दोन कातरले गेले. आधार गेल्यावर गर्डरला तो पल्ला झेपण्यासारखा नव्हता. तो गेला, त्यावरचे खांब गेले, आणि त्यांच्यावर टेकलेले मजले एकामागून एक खाली आले. याला प्रोग्रेसिव्ह कोलॅप्स म्हणतात. इमारतीतले बहुतेक मृत्यू या कोसळलेल्या भागातले आहेत. स्फोटाच्या थेट तडाख्यानं मेलेले त्या मानानं कमी.

नंतरच्या तांत्रिक तपासणीचा निष्कर्ष तुम्ही लक्षात ठेवा. हीच चौकट भूकंपरोधक पद्धतीनं बांधली असती, म्हणजे खांबांत जवळजवळ रिंगा, सांध्यातून सलग गेलेल्या सळ्या, पुरेसा लॅप (जोडावर सळ्या एकमेकींवर चढवलेली लांबी), तर कोसळलेला भाग बराच कमी झाला असता. ते करायला खर्चही फार वाढला नसता. आपल्याकडे या तपशिलांसाठी आयएस १३९२० हे भारतीय मानक आहे. तुम्ही ते परीक्षेपुरतं वाचत असाल तर पुन्हा वाचा, कारण मुंबईत पोडियम पार्किंगवर उभे राहणारे टॉवर पाहिले तर खालचे खांब वगळून ट्रान्स्फर गर्डरवर वरचा डोलारा उभा करण्याची हौस आपल्याकडेही कमी नाही. गर्डर वाईट नसतो. त्याखालचा एक खांब काढला तर काय होईल, हे गणित कुणी करत नाही, ते वाईट.

जाता जाता: १२ मार्च १९९३ ला मुंबई शेअर बाजाराच्या तळघरात मोटारबॉम्ब फुटला, अनेक माणसं मेली, पण टॉवर कोसळला नाही. दोन्ही स्फोटांची ताकद आणि जागा वेगळी, त्यामुळे थेट तुलना करू नका. एकच स्फोट इमारतीच्या सांगाड्यानुसार वेगळा परिणाम करतो, एवढंच यातून घ्या. शिवाय ओक्लाहोमात आसपासच्या तीनशेहून जास्त इमारतींचं नुकसान झालं आणि कित्येक जण काचांनी जखमी झाले. वांद्रे-कुर्ला संकुलात (बीकेसी) काचेचे पडदे लावणाऱ्यांनी लॅमिनेटेड, म्हणजे फुटली तरी तुकडे न उडणाऱ्या, काचेचा आग्रह का धरावा, त्याचं हे कारण.

प्रश्न: तो इतक्या लवकर कसा सापडला? (एक वाचक, गिरगाव)

दोन वेगवेगळे धागे जुळले.

पहिला निव्वळ वाहतूक पोलिसाचा. स्फोटानंतर साधारण दीड तासानं, शहराच्या उत्तरेला, पेरी गावाजवळच्या महामार्गावर एका गस्तीवरच्या पोलिसानं १९७७ सालची पिवळी मर्क्युरी गाडी थांबवली. कारण एवढंच, की मागे नंबरप्लेट नव्हती. चालकाच्या जाकिटाखाली भरलेलं पिस्तूल सापडलं. तो आत गेला. स्फोटाशी त्याचा संबंध तेव्हा कुणाच्या डोक्यातही नव्हता.

दुसरा धागा घटनास्थळचा. ट्रकचा मागचा आस दूर जाऊन पडला होता आणि त्यावर वाहनाचा क्रमांक शाबूत होता. त्यावरून कॅन्ससमधल्या जंक्शन सिटीचं भाड्याच्या गाड्यांचं दुकान सापडलं. ट्रक ‘रॉबर्ट क्लिंग’ या खोट्या नावानं घेतलेला होता. दुकानातल्यांच्या वर्णनावरून रेखाचित्र तयार झालं आणि ते घेऊन तपास करणारे गावातली हॉटेलं पालथी घालू लागले. एका मोटेलवर मालकिणीनं चेहरा ओळखला. तिथे मात्र या गड्यानं खरं नाव लिहिलं होतं. २१ एप्रिलला ते नाव संगणकात टाकल्यावर कळलं, की हा तर पेरीच्या तुरुंगात आहे, आणि त्या दिवशी जामिनावर सुटायच्या बेतात आहे.

कट रचणाऱ्यांना फार हुशार समजण्याची आपल्याला सवय आहे. इथे एक नंबरप्लेट आणि मोटेलच्या नोंदवहीतलं एक नाव पुरलं.

प्रश्न: सुरुवातीला संशय मुसलमानांवर गेला होता हे खरं का? (एक वाचक, कुर्ला)

खरं. पहिले दोन दिवस वाहिन्यांवर ‘मध्यपूर्वेची छाप’ असं तज्ज्ञ बिनधास्त सांगत होते. ओक्लाहोमाहून जॉर्डनला निघालेल्या एका जॉर्डनवंशीय अमेरिकन नागरिकाला लंडनमध्ये अडवून परत पाठवलं गेलं. त्याचा काडीचाही संबंध नव्हता.

प्रश्न: त्याच्यावर ‘देशांतर्गत दहशतवादा’चा गुन्हा लागला का? भारतात असा वेगळा गुन्हा आहे का? (विधी शाखेची विद्यार्थिनी, चर्चगेट)

नाही, दोन्हीकडे. अमेरिकेत ‘डोमेस्टिक टेररिझम’ची व्याख्या २००१ च्या कायद्यानं आली, पण त्या नावाचा स्वतंत्र शिक्षापात्र गुन्हा केंद्रीय कायद्यात नाही. मॅकव्हेवर ११ आरोप होते: सामूहिक संहाराचं शस्त्र वापरण्याचा कट, ते वापरणं, स्फोटकानं सरकारी मालमत्तेचा नाश आणि ८ केंद्रीय अधिकाऱ्यांचे खून. बाकीच्या १६० मृत्यूंचे खून हा राज्याच्या अखत्यारीतला विषय. म्हणून निकल्सवर केंद्रीय खटल्यात जन्मठेप झाल्यावरही ओक्लाहोमा राज्यानं पुन्हा खटला भरला आणि २००४ मध्ये तो १६१ खुनांसाठी दोषी ठरला. एकशे एकसष्टावा मृत्यू एका गर्भाचा.

भारतात यूएपीए, म्हणजे बेकायदेशीर कृत्यं प्रतिबंधक कायदा, १९६७ चा. दहशतवादी कृत्याचं प्रकरण त्यात २००४ ला आलं आणि व्यक्तीला दहशतवादी जाहीर करण्याची सोय २०१९ ला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत दहशतवादी कृत्याचं कलम ११३सुद्धा आहे. दोन्हीपैकी कोणत्या कायद्याखाली गुन्हा नोंदवायचा, हे पोलीस अधीक्षक किंवा वरच्या दर्जाचा अधिकारी ठरवतो. कृत्य देशी की परदेशी प्रेरणेचं, याला व्याख्येत महत्त्व नाही. यूएपीएत तपासाला १८० दिवसांपर्यंत मुदत मिळू शकते आणि कलम ४३ड(५) मुळे जामीन फार अवघड. निकालपत्रांपेक्षा आधी हे कलम पाठ करा.

स्फोटकात वापरल्या जाणाऱ्या खताबाबतही कुणीतरी विचारलं आहे. अमोनियम नायट्रेट ४५ टक्क्यांहून जास्त असलेलं मिश्रण आपल्याकडे २०११ पासून स्फोटक मानलं जातं. २०१२ च्या नियमांप्रमाणे साठा, वाहतूक, विक्री सगळ्याला परवाना लागतो. तो देणाऱ्या ‘पेसो’ या स्फोटकांवर नियंत्रण ठेवणाऱ्या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय नागपुरात आहे.

प्रश्न: माझा मुलगा १९ वर्षांचा. वर्षभरात मित्र सुटले, कॉलेज बुडवतो, रात्रभर कुठल्याशा ग्रूपवर असतो. जेवताना विषय काढला की ‘तुम्ही सगळे झोपलेले आहात’ म्हणतो. ह्यांना वाटतं फोन काढून घ्यावा. काय करू? (एक आई, बोरिवली)

ताई, फोन हिसकावू नका. तो दुसऱ्या सिमवर जाईल आणि तुम्हाला आज जे दिसतंय तेही दिसेनासं होईल. मामा-काकांना बोलावून सगळ्यांसमोर त्याची झाडाझडती घेणं हाही नेहमीचा उपाय, आणि तो हमखास उलटतो. ‘घरचेही आपल्या विरोधात’ हे त्याला ग्रूपवर आधीच सांगून ठेवलेलं असतं.

काय बघायचं ते आधी ठरवा. दाढी, टिळा, पुस्तकं, घोषणा, कडक मतं यांवरून काही कळत नाही. मत कितीही टोकाचं असो, ते मत आहे. पुढील गोष्टी मात्र वेगळ्या: सगळ्या प्रश्नांना एकच शत्रू पुरतो. हत्या करणाऱ्यांना हुतात्मा म्हणतो. ‘बोलण्याची वेळ संपली’ अशी भाषा येते. एखाद्या तारखेचा ध्यास लागतो. आवडीच्या वस्तू वाटून टाकतो, निरोपासारखं बोलतो. पैशांची किंवा प्रवासाची न पटणारी कारणं देतो. मॅकव्हेनं स्फोटाच्या काही महिने आधी एका पत्रात, आपलं मन आता विचारांकडून पशूकडे वळलं आहे, अशा अर्थाचं लिहिलं होतं. बहिणीला काहीतरी मोठं घडणार असल्याचं कळवलं होतं. १९ एप्रिल ही वेकोच्या आगीची तारीख त्यानं मुद्दाम निवडली. फोर्टियरला तर सगळा बेत माहीत होता, इमारतही त्यानं पाहून ठेवली होती. तो गप्प राहिला आणि त्या गप्प बसण्यासह इतर गुन्ह्यांसाठी त्याला १२ वर्षांची शिक्षा झाली.

तुमच्या पत्रात आज तरी पहिल्या पायरीच्या खुणा दिसतात: एकटेपणा, रात्रीचा ग्रूप, घरच्यांना मूर्ख समजणं. तेव्हा क्रम असा ठेवा. त्याला आवडणारी एक व्यक्ती शोधा, जुना प्रशिक्षक, मावसभाऊ, बिल्डिंगमधला दादा. वाद घालायला नाही, सोबतीला. तुम्ही स्वतः बोलाल तेव्हा समोरासमोर बसून नको. रात्री चालायला जाताना किंवा स्वयंपाक करताना बोला. विचारसरणी खोडू नका, त्याची तयारी तुमच्यापेक्षा जास्त असते. त्याऐवजी बारीक प्रश्न विचारा: हे तुला पहिल्यांदा कुणी सांगितलं? तो माणूस तुला प्रत्यक्ष भेटलाय का? तो स्वतः काय करतो? ग्रूपवर कुणी नाही म्हटलं तर त्याचं काय होतं? उत्तर मिळालं नाही तरी प्रश्न डोक्यात राहतो. त्याच्या तक्रारीत खरं असेल तेवढं मान्य करा. ‘हो, तिथे अन्याय झाला’ म्हटल्यानं तुम्ही हरत नाही. सोबत दिवसाला एखादं ठरलेलं काम लावा, शक्यतो घराबाहेरचं आणि चार निराळ्या माणसांतलं. याला आठवडे लागतात, कधी महिने, आणि यश येईलच असं नाही.

झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल तर मानसोपचाराचा सल्ला वेगळा घ्या. टेलिमानस १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे, चोवीस तास, मराठीतही. केईएम, सायन आणि नायर या रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी आहे. मुलगा येत नसेल तर पहिल्यांदा तुम्ही एकट्या जा.

तारीख, जागा, लक्ष्य, शस्त्र किंवा सामान, यांतलं काहीही कानावर आलं तर मात्र थांबू नका. त्याच दिवशी ११२. जमलं तर आधी वकिलाशी अर्धा तास बोला, पण त्यासाठी दिवस घालवू नका. आणि घाबरून त्याचे मेसेज पुसून टाकू नका. पुरावा नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २३८ खाली तुमच्यावरचाच गुन्हा होऊ शकतो. ‘पोलिसांत गेलो तर पोराचं आयुष्य संपेल’ ही भीती खोटी आहे असं आम्ही म्हणणार नाही, वर जामिनाचं कलम सांगितलंच आहे. पण काही करण्याआधी थांबवलेला मुलगा आणि केल्यानंतर पकडलेला मुलगा यांच्यातला फरक त्याहून मोठा आहे.

प्रश्न: मॅकव्हेला जे हवं होतं ते त्याला मिळालं का? (एक वाचक, माहीम)

त्याला वाटलं होतं, स्फोटानंतर लोक सरकारविरुद्ध उठतील. झालं उलट. ढिगाऱ्यातून काढलेल्या बाळांची छायाचित्रं जगभर गेली आणि सशस्त्र गटांपासून त्यांचे कित्येक सहानुभूतीदारही लांब सरकले. मुलांच्या मृत्यूला त्यानं नंतर ‘अनुषंगिक हानी’ असा लष्करी शब्द वापरला, तो कुणीच विसरलं नाही.

सरकार दुबळंही झालं नाही. मे १९९५ मध्ये व्हाइट हाउससमोरचा रस्ता वाहनांना बंद झाला. केंद्रीय इमारतींची पाच सुरक्षा-स्तरांत वर्गवारी झाली, खांब-अडथळे, रस्त्यापासून अंतर, पाळणाघरांच्या जागा यांचे नियम आले. २४ एप्रिल १९९६ ला नवा दहशतवादविरोधी कायदा झाला. त्यानं फाशीच्या कैद्यांना केंद्रीय न्यायालयात दाद मागायला साधारण एक वर्षाची मुदत घातली. सरकारी अधिकार कमी व्हावेत म्हणून स्फोट करणाऱ्यानं ते वाढवून ठेवले.

पण वारसा शून्य आहे असंही नाही. १९९९ मध्ये कोलंबाइन शाळेत गोळीबार करणाऱ्या दोघांना ओक्लाहोमाचा आकडा मागे टाकायचा होता. नॉर्वेत २२ जुलै २०११ ला ७७ जणांना मारणाऱ्यानंही सरकारी इमारतीबाहेर वाहनबॉम्बच लावला. म्हणून आम्ही मॅकव्हेचा फोटो छापला नाही आणि त्याची वाक्यं ठळक टाइपात दिली नाहीत. काही वाचकांना ते खटकलं, धोरण तेच राहील.

प्रश्न: त्याची फाशी टीव्हीवर दाखवली होती का? (एक वाचक, विक्रोळी)

सार्वजनिक नाही. ११ जून २००१ ला इंडियानातल्या टेर होट तुरुंगात विषारी इंजेक्शननं शिक्षा झाली. १९६३ नंतरची ही पहिली केंद्रीय मृत्युशिक्षा. तारीख आधी १६ मे होती, पण बचाव पक्षाला न दिलेली एफबीआयची तीन हजारांहून जास्त पानं ऐनवेळी निघाल्यानं ती पुढे गेली. स्फोटातून वाचलेले लोक आणि मृतांचे नातेवाईक इतके होते, की त्यांच्यासाठी ओक्लाहोमा सिटीत बंद वाहिनीवरून प्रक्षेपण केलं. दोनशेहून जास्त जणांनी ते पाहिलं, त्याचं रेकॉर्डिंग करायला मनाई होती. मॅकव्हे शेवटी काही बोलला नाही. हातानं उतरवून काढलेली एक जुनी इंग्रजी कविता त्यानं निवेदन म्हणून दिली.